चार ओळींची जागा

माझा सर्जनांक चौऱ्याण्णव आहे. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. एक तर सत्तरीच्या माणसाचा सर्जनांक काढायची पद्धत नाही, तो सातवीतल्या मुलांचा काढतात. दुसरं म्हणजे मी तो चोरून काढला. तिसरं कारण सांगण्यासाठीच हे लिहायला बसलो आहे. नीट सांगता येईल की नाही, याची खात्री नाही.

मी श्रीपाद उपळेकर. बार्शीतल्या एका शाळेत चौतीस वर्षं मराठी शिकवलं, ग्रंथालय सांभाळलं, आणि बारा वर्षांपूर्वी, म्हणजे दोन हजार सव्वीस साली, निवृत्त झालो. तरुणपणी कथा लिहायचो आणि दिवाळी अंकांना पाठवायचो. एकोणचाळीस कथा 'साभार परत' आल्या. चाळिसावी लिहून झाली होती, ती पाठवली नाही.

शाळेतलं माझं आणखी एक काम म्हणजे वार्षिक हस्तलिखित. आता कुणी काढत नाही, म्हणून सांगतो. मुलांचे निबंध आणि कविता गोळा करायच्या, चांगल्या अक्षराच्या दोन-तीन मुलींकडून जाड कागदावर उतरवून घ्यायच्या, कडेनं वेलबुट्टी काढायची आणि कापडी बांधणी करून स्नेहसंमेलनात टेबलावर मांडायचं. प्रत एकच. पालक रांगेनं यायचे आणि आपल्या मुलाचं पान शोधायचे. अशी चौतीस हस्तलिखितं मी कडुनिंबाचा पाला घालून शाळेच्या कपाटात जपली होती. त्यांचा कुणाला काही उपयोग होईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

सहा वर्षांपूर्वी पुण्याच्या एका मापन केंद्रातून डॉ. अस्मिता कुरणे आल्या. त्यांनी मला जे समजावून सांगितलं ते असं. सर्जनशीलता मोजायचे प्रयत्न शंभर वर्षं चालू होते. मुलाला विचारायचं, विटेचे किती उपयोग सांगशील? जे उत्तर इतर कुणी देत नाही, त्याला जास्त गुण. पण विचित्र उत्तर म्हणजे नवं उत्तर नव्हे. वीट खाईन म्हणणारा मुलगाही विरळाच असतो. कुठल्या विरळ उत्तरातून पुढे काही उगवेल, हे त्या वेळी कुणालाच ठाऊक नसतं.

"म्हणून आम्ही उलटं जायचं ठरवलं," कुरणेबाई म्हणाल्या. ज्यांनी आयुष्यात काही नवं घडवलं, ती माणसं बाराव्या वर्षी काय लिहीत होती ते पाहायचं. आणि त्यांच्याच वर्गातली, ज्यांनी काही घडवलं नाही, ती काय लिहीत होती, तेही. यंत्र प्रत्येक वाक्याला अर्थाच्या नकाशावरचा एक बिंदू मानतं. जवळच्या अर्थाची वाक्यं जवळ, लांबच्या अर्थाची लांब. निबंध म्हणजे त्या नकाशावरची एक वाट. घडवणाऱ्यांच्या वाटा आणि इतरांच्या वाटा यांतला फरक यंत्र शिकतं, आणि आजच्या मुलाची वाट कुणासारखी आहे ते शंभरातल्या आकड्यात सांगतं.

अडचण एकच होती. मुलांचं जुनं लिखाण कुणी ठेवत नाही. आणि हुशार मुलांचं ठेवलंच, तर बाकीच्यांचं टाकून देतात.

"सर, तुम्ही सगळ्यांचं ठेवलंय," कुरणेबाई पानं उलटत म्हणाल्या. त्यांचा आवाज देवळात बोलावं तसा झाला होता. दोन हजार सहाशे अकरा लेख. मुलं पुढे कुठे गेली, हेही मी समासात पेन्सिलीनं लिहून ठेवत असे. तो माझा छंद होता.

मग त्यांनी एक फॉर्म पुढे केला. "मुलांनी स्वतःच लिहिलंय ना हे?"

"मुलांनीच," मी म्हणालो. "मी शुद्धलेखन तपासायचो, एवढंच."

आणि सही केली.

*

या वर्षीच्या जानेवारीत सारिका नगर वाचनालयात आली. मी दुपारी तिथे बसतो. सर्जनांकाच्या सरावाचं यंत्रही तिथेच आहे. टेबलावर एक दिवा, दिव्यात कॅमेरा. त्याखाली लिहिलेला कागद ठेवला की आकडा येतो आणि ज्या वाक्यांनी आकडा वाढला ती पडद्यावर हिरवी होतात.

"सर, ओळखलंत का? सारिका. गवसान्यांची. मोटार वायंडिंगवाल्यांची."

"हो, हो," मी म्हणालो. ओळखलं नव्हतं.

"आता शिंगटे. दुकान तेच, मी आणि मालक मिळून बघतो. ही आमची जाई." मागे एक किडकिडीत मुलगी पुस्तकांच्या कपाटाच्या काचेत स्वतःचे दात बघत होती. "हिला सरावात एकतीस पडलेत. सत्तर लागतात."

सत्तरच्या वरच्या मुलांना आठवीपासून सर्जन शाखेत घेतात. पुण्याजवळ निवासी शाळा, प्रयोगशाळा, रंगमंच, कार्यशाळा, सगळं सरकारी. सत्तरच्या खालची मुलं असतात तिथेच राहतात.

"एकतीस तसे काही वाईट नाहीत," मी म्हणालो.

"सर, थर्मामीटरवर माझं अंगसुद्धा सदतीस दाखवतं," जाई म्हणाली.

"गप गं. सर, तुम्ही तिला लिहायला शिकवा. तुमच्या हाताखालची मुलं कुठल्या कुठे गेली."

यंत्राच्या दिव्याखालचा जाईचा कागद मी वाचला. विषय होता 'घड्याळं बंद पडली तर'. तिनं लिहिलं होतं:

'घड्याळं बंद पडली तर लोक आमच्या दुकानात येतील. बाबा म्हणतील, आम्ही मोटारी भरतो, घड्याळं नाही. लोक म्हणतील, बघा तरी. आमच्याकडे लोक काहीही आणतात. एकदा एक आजी आजोबांचं कानाचं यंत्र घेऊन आल्या. म्हणाल्या, यंत्राला ऐकू येतंय पण हे ऐकत नाहीत, तर आत नक्की काय बिघडलंय बघा.'

मला हसू आलं. पडद्यावर एकही वाक्य हिरवं झालेलं नव्हतं.

त्या दोघी गेल्यावर वाचनालयात मी एकटाच उरलो. मला यंत्र समजून घ्यायचं होतं, असं मी स्वतःला सांगितलं. त्याच विषयावर एक पान लिहिलं. सुरुवात अशी होती: 'काळाच्या अथांग सागरावर घड्याळाचे दोन काटे म्हणजे दोन थकलेले नावाडी.' कागद दिव्याखाली ठेवला. आकडा आला चौऱ्याण्णव. सगळं पान हिरवंगार.

खोटं कशाला सांगू, माझे डोळे भरून आले. एकोणचाळीस संपादकांना जे दिसलं नव्हतं ते यंत्राला दिसलं होतं.

पडद्याच्या तळाशी एक बारीक ओळ होती, 'याच्याशी जुळणारं जुनं लेखन'. मी ती दाबली. 'समीर निंबर्गी, सातवी अ, २००७. आरसा नसता तर.' खाली त्याचं वाक्य: 'आरशाच्या निश्चल सरोवरात मनाची एकाकी नाव तरंगत असते.'

हे वाक्य समीरचं नव्हतं. ते मी लिहिलं होतं, लाल शाईनं, शिक्षकांच्या खोलीत, मधल्या सुट्टीत.

डॉक्टर निंबर्गींच्या पत्नी शाळेत आल्या होत्या. "सर, समीरचं जरा छान करून घ्या हं. त्याचे आजोबा येणार आहेत बघायला." मला नाही म्हणता आलं नाही. मला कुणालाच नाही म्हणता येत नसे. वकिलांच्या मुलीचं, संस्थेच्या चिटणिसांच्या नातवाचं, ज्यांचे पालक टेबलाशी उभे राहून मोठ्यानं वाचणार होते त्या सगळ्यांचं मी छान करून घेतलं. समीरनं स्वतः काय लिहिलं होतं, ते आठवत नाही. हस्तलिखितात त्यातलं मी काही ठेवलंच नव्हतं. बाकीच्या मुलांचं मात्र करून घ्यायची गरज नव्हती, कारण त्यांचे आईबाप येतच नसत. त्यांचे निबंध कापून पानाच्या तळाशी, जागा उरेल तिथे बसवायचो. तीन ओळी, चार ओळी, खाली एक वेल.

समीर पुढे मोठा वास्तुरचनाकार झाला. वकिलांची मुलगी जाहिराती करते, चिटणिसांच्या नातवानं दोन चित्रपट काढले. कर्तबगार असतीलही. पण घरी पुस्तकं होती, पुण्या-मुंबईला नातेवाईक होते, एकदा पडलं तर पुन्हा उभं करायला माणसं होती. यंत्रानं त्यांचं बालपणीचं लिखाण म्हणून जे पाहिलं, ते माझं होतं. यंत्राला यातलं काही माहीत नव्हतं. त्याला एवढंच दिसलं की जे असं लिहितात, ते पुढे जातात. राज्यभरातल्या मुलांची वाट ते माझ्या लाल शाईशी ताडून बघत होतं.

कुरणेबाईंनी पडताळणीसाठी आणखी चार गावांची हस्तलिखितं घेतली होती आणि निष्कर्ष जुळला होता. जुळणारच. त्या चारही शाळांत माझ्यासारखा कुणीतरी सर असणार, आणि त्यालाही नाही म्हणता येत नसणार.

मी त्याच दिवशी फोन करायला हवा होता. केला नाही. फॉर्मवर माझी सही होती, हे एक. दुसरं जास्त लाजिरवाणं आहे. पुढचे दोन दिवस मी आनंदात होतो. चौऱ्याण्णव हा आकडा मनात घोळवत मी बाजारातून भाजी आणली. आपली वाक्यं खरोखरच चांगली असतील, म्हणूनच यंत्राला आवडली असतील, अशीही एक आशा मी बाळगून पाहिली.

आणि तिसऱ्या दिवशी जाईची शिकवणी सुरू केली.

*

"सर, आजींचं कानाचं यंत्र कुठे टाकू?"

"ते काढू या."

"का?"

"विषयांतर होतं."

"पण हसलात ना तुम्ही."

"परीक्षेत हसून चालत नाही."

तिनं ते खोडलं. पहिले काही दिवस ती माझी गंमत करायची. "म्हणजे सर, जे असेल त्याच्यापुढे 'अथांग' लावायचं."

"तसं नाही गं."

"अथांग चपाती. अथांग मोटार."

पण मुलगी नकलेत तरबेज होती. दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाची नक्कल ती करायची, तशीच आता माझी करायला लागली. आठवडाभरात अठ्ठावन्न पडले. मग एकाहत्तर. पडदा हिरवा होऊ लागला तसा तिला चेव आला. मार्चच्या परीक्षेत तिला एकोणनव्वद पडले. तालुक्यातून दोनच मुलांची नावं लागली, त्यातलं एक तिचं.

सारिका पेढे घेऊन आली. वाकून नमस्कार केला. मी पाय मागे घेतले, तर तिला तो विनय वाटला.

मे महिन्यात जाई एक पत्र घेऊन आली. गावाकडे तिची आजी असते. पुण्याला जाणार असल्याचं तिला पत्रानं कळवायचं होतं. "तपासून द्या ना सर."

'प्रिय आजी, तुझ्या मायेच्या अथांग सागरातून माझी एकाकी नाव आता दूरच्या क्षितिजाकडे निघाली आहे.'

मी दोनदा वाचलं. "आजीला कळेल का हे?"

"नाही कळणार. ती शेजारच्या दादाकडून वाचून घेते."

"मग नेहमीसारखं लिही की. कधी जाणार, काय नेणार. दुकानातलं काहीतरी."

जाईनं पेन घेतलं. बराच वेळ कागदाकडे बघत बसली. मग हसली, पण हसण्यात थोडी भीती होती. "येतच नाही सर आता. लिहायला बसलं की तेच येतं."

*

निवृत्त झालो तेव्हा शाळेतून मी एकच गोष्ट घरी आणली होती. मुलांचे कच्चे कागद. उतरवून घेण्याआधीचे, मुलांच्या अक्षरातले, वर माझी लाल शाई. लिहिलेला कागद मला टाकवत नाही. माळ्यावर नऊ खोकी होती. शेजारच्यांच्या मदतीनं ती खाली काढली आणि २००७चं खोकं उघडलं. सारिका गवसाने, सातवी ब. आरसा नसता तर.

हस्तलिखितात तिच्या वाट्याला चार ओळी आल्या होत्या, समीरच्या निबंधाखाली. 'आरसा नसता तर आपल्याला आपला चेहरा दिसला नसता. आरसा हा उपयोगी आहे.' एवढंच. कच्च्या कागदावर पुढे होतं:

'आरसा नसता तर आईला टिकली नीट लागली का हे शेजारच्या काकूला विचारावं लागलं असतं आणि काकूला आमच्या आईला. मग त्यांना रोज सकाळी एकदा तरी बोलावंच लागलं असतं. अबोला धरणं कुणाला परवडलं नसतं.'

त्यावर आडवी लाल रेघ होती, आणि समासात माझ्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: विषयांतर.

मी तो कागद घेऊन दुकानात गेलो. सारिका एका पंपाच्या मोटारीत तांब्याची तार भरत होती. तिनं हात पुसले आणि कागद उभ्यानंच वाचला.

"आईचं आणि लता काकूंचं भांडण चालू होतं तेव्हा," ती म्हणाली. "नळावरून. दोन वर्षं बोलल्या नाहीत." मग पुन्हा वाचला. "हे मी लिहिलं होतं होय? मला वाटायचं, मी चारच ओळी लिहिल्या. मालकांना सांगायची, मला लिहायचं कधी जमलं नाही."

मग मी सगळं सांगितलं. समीरचं, फॉर्मचं, चौऱ्याण्णवचं. माझं संपल्यावर तिनं एकच विचारलं.

"तुम्ही हे पुण्याला कळवलंत, तर जाईची जागा जाईल?"

"यादीच थांबवतील बहुतेक."

"पंधरा जूनला ती जाणार आहे, सर. सोळाला कळवा."

"तिच्यासारखी एकतीस पडलेली मुलं..."

"ती मुलं माझी नाहीत." तिनं आवाज चढवला नाही. "डॉक्टरीणबाईंना तुम्ही नाही म्हणाला नाहीत. चिटणिसांना नाही म्हणाला नाहीत. मी फक्त एक महिना मागतेय."

तिचं बरोबर होतं. तिचं बरोबर आहे, असं मला आजही वाटतं. मी त्या उघड्या मोटारीकडे पाहिलं. मग नाही म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी नाही म्हणालो, आणि ते सारिकाला.

तिनं कागद माझ्या हातात परत दिला आणि तार भरायला बसली.

घरी येऊन कुरणेबाईंना पत्र लिहिलं. पहिल्या खर्ड्यात 'पश्चात्तापाचा वणवा' आला. तो फाडला. दुसऱ्यातही एक नाव तरंगत होती. तिसऱ्यात फक्त काय केलं ते लिहिलं. कुणाचे निबंध बदलले, किती, का, आणि कच्चे कागद सोबत पाठवत आहे. पाठवण्याआधी, सवय वाईट, वाचनालयात जाऊन ते दिव्याखाली धरून पाहिलं. अकरा. मग पाकिटात घालून चिकटवलं.

*

कुरणेबाईंचा फोन आला.

"सर, मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो."

"सही आहे तुमची."

"हो."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "मी सहा वर्षं दिली याला," एवढंच म्हणाल्या आणि फोन ठेवला.

माणूस प्रामाणिक. त्यांनी यादी थांबवली आणि यंत्राला कच्च्या कागदांवर पुन्हा शिकवलं. दोन महिने लागले. यंत्राला काहीच सापडलं नाही. मुलांच्या स्वतःच्या लिखाणावरून कुणाचंही पुढचं आयुष्य सांगता येईना. पुढे गेलेली आणि मागे राहिलेली, सगळ्यांच्या वाटा नकाशावर एकमेकींत मिसळून गेल्या होत्या. वर्तमानपत्रात माझं नाव आलं. जुन्या सहकाऱ्यांनी फोन केले नाहीत. समीर निंबर्गीनं एक निरोप पाठवला. त्याला त्याचा कच्चा निबंध मिळेल का, अशी विचारणा होती. मी त्याची प्रत पाठवली. तो रेल्वेच्या डब्याला आरसे लावण्याबद्दल होता आणि खूपच चांगला होता.

जाई आमच्याच शाळेत आठवीत बसली. सारिका वाचनालयावरून रोज जाते. इकडे बघत नाही.

ऑगस्टच्या शेवटी एका दुपारी जाई माझ्या घराच्या दारात उभी राहिली. आत आली नाही.

"आईनं तिचा कागद मागितलाय. खरा. झेरॉक्स नको म्हणाली."

खोकी नुकतीच पुण्याहून परत आली होती. मी कागद काढून दिला. तिनं तो तिथेच, उंबऱ्यावर वाचला, आणि टिकलीपाशी आल्यावर हसली. मी तिचं ते हसणं बऱ्याच महिन्यांनी ऐकलं.

"लता आजी अजून टिकली विचारायला येते आमच्याकडे," ती म्हणाली. "आरसा आहे तरी." मग समासावर बोट ठेवलं. "हे लाल तुमचं ना? विषयांतर म्हणजे, खरं काय सर?"

"म्हणजे मला कळलं नव्हतं," मी म्हणालो.

तिनं मान डोलावली, जणू ते तिला आधीपासून ठाऊक होतं. मग माझ्या टेबलावरचं पेन मागून घेतलं, कागद भिंतीला टेकवला, आणि त्या शब्दाखाली माझं उत्तर लिहून काढलं. माझ्याकडे तपासायला दिलं नाही. घडी घालून दप्तरात ठेवलं आणि गेली.